हेडमास्तरांचा खालचा जबडा

१२ फेब्रुवारी

अप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी बाप लेकीला लिहितो आणि काय लिहितो? 'मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनचं तोंड मिटणार नाही. वरचा जबडा हेडमास्तरांचा आहे, खालचा बेकरीवाल्याचा. कळावे.' कशी आहेस नाही, वेळेवर जेवतेस का नाही. धन्य आहे तुमची!

मी कार्ड हातात घेऊन जिन्यातच बसले. आधी राग आला. मग जे हसू फुटलं ते थांबेचना. शेजारच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "काय गं, काही वाईट बातमी का?" म्हटलं, नाही हो, आमच्या अप्पांनी माझा ड्रॅगन ओळखला. त्या बघतच राहिल्या. डोळे का ओले आहेत ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अहो, ते पुस्तक इतक्या लोकांनी घेतलं. कुणी म्हणालं ड्रॅगन क्रूर आहे, कुणी म्हणालं दुःखी आहे. पण त्याच्या तोंडात दोन वेगवेगळी माणसं आहेत हे एकालाही कळलं नाही. तुम्हाला कळलं. कसं कळलं ते विचारत नाही, कारण हेडमास्तर दात-ओठ खाऊन खाऊन दाढा सपाट करून बसले होते, हे मलाही आठवतंय. तुमच्यापुढे खुर्चीत बसले की एवढे मोठे हेडमास्तर कसे गपगार व्हायचे! तुम्ही म्हणायचात "आ करा", आणि ते आ करायचे. शाळेत त्यांना घाबरायचं बंद केलं मी त्या दिवसापासून.

खरं काय झालं ते सांगते. घर सोडलं त्या दिवशी रागाच्या भरात मी तुमच्या कवळ्यांच्या खोक्यात हात घातला आणि प्लास्टरचे दोन जबडे पिशवीत टाकले. एक वरचा, एक खालचा, म्हणजे जोडीच असणार असं धरून चालले. एकाच्या बुडाशी तुमच्या टोच्यानं कोरलेलं 'हेडमास्तर' दिसत होतं. दुसऱ्याचं बूड पिशवीतच फुटलं. तेव्हापासून दोघं माझ्या टेबलावर आहेत. तुमच्याकडे त्यांचे जोडीदार उरले असतील ना? हेडमास्तरांचा खालचा आणि बेकरीवाल्याचा वरचा? बिचारे.

'तुझ्याशी बोलणार नाही' असं तुम्ही म्हणालात आणि पाळलंत. मी फोन केला की आत्या उचलते आणि मागे तुमच्या घासायच्या मशीनचा आवाज एकदम मोठा होतो. मला ऐकू येतं बरं का. पण लिहिणार नाही असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. शब्दाचे पक्के आहात, म्हणून वाट शोधलीत. मीही तुमचीच मुलगी आहे. उत्तर पाठवा.

तुमची,
(नाव लिहीत नाही, अक्षर ओळखाल)


२७ फेब्रुवारी

अप्पा,

'मासिकातली तुझी मुलाखत आत्याने वाचून दाखवली. तुझे राक्षस धुक्यातून येतात म्हणे. धुक्याला दात नसतात.'

हे असं कार्डावर लिहितात? पोस्टमन वाचतात, अप्पा! आमचा पोस्टमन परवा मला म्हणाला, "ताई, वडिलांचं बरोबर आहे."

मग काय सांगायचं होतं मी? समोर ती मुलाखत घेणारी, रेशमी रुमालवाली. विचारते, "तुमच्या कल्पनाविश्वाचे स्रोत कोणते?" आणि मी म्हणू, बाई, दाताच्या दवाखान्याच्या वर एक खोली होती, तिथे माझे वडील कवळ्या करायचे? इतर मुलींकडे बाहुल्या होत्या आणि माझ्याकडे खोकंभर प्लास्टरचे जबडे? तिनं पाणी मागितलं असतं.

पण तुम्हाला सांगते. ऐका, म्हणजे वाचा.

दलदलीतली चेटकीण आठवते, दुसऱ्या पुस्तकातली? तिच्या पुढच्या दाताला खाच आहे. शिवणक्लासच्या बाई. आयुष्यभर दातानं दोरा तोडून पडलेली खाच. तुम्हीच दाखवली होतीत मला, भिंग हातात देऊन. गुहेतला आंधळा राक्षस म्हणजे आपला सुतार, तोंडात खिळे धरून धरून दोन दातांत भोकं पडलेला. समुद्रातली ती तीन डोक्यांची बया म्हणजे आपल्या तिकडच्या पोस्टमनच्या सासूबाई. तीन कवळ्या केल्यात तुम्ही त्यांच्यासाठी, एकही पसंत पडली नाही, आणि दर वेळी जिन्यावरून उतरताना त्या आपल्याला जे काय बोलायच्या, ते मी त्या तीन तोंडांना वाटून दिलं आहे.

ड्रॅगनची कातडी सगळे विचारतात कशी जमते. मेणाचा गुलाबी पत्रा दिव्यावर धरला की आधी चमकतो आणि मग त्याला बारीक सुरकुत्या पडतात. तीच ती. आणि आग? सगळे चित्रकार ड्रॅगनची आग लाल-पिवळी काढतात. माझी निळी असते. लोकांना वाटतं, वा, काय कल्पना! तुमचा स्पिरिटचा दिवा निळाच जळायचा ना. मला लहानपणी आगीचा दुसरा रंग माहीतच नव्हता.

एवढंच काय, राक्षस काढायची माझी पद्धतही तुमची. तुम्ही खालच्या दवाखान्यातून आलेला तोंडाचा ठसा हातात घ्यायचात, माणूस अजून जिना चढलेला नसायचा, आणि सांगायचात, 'हा उजवीकडूनच चावतो, हा हट्टी आहे, ही बाई झोपेत दात खाते, घरी काहीतरी दुखतंय हिचं.' मग माणूस यायचा आणि तसाच निघायचा. मी अजूनही आधी दात काढते. दातांवरून तोंड, तोंडावरून मान, मानेवरून पंख. बाकीचे चित्रकार पंखांपासून सुरू करतात, म्हणून त्यांचे राक्षस नुसते उडतात.

हे सगळं मुलाखतीत सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण मी घर सोडण्याआधी तुम्ही म्हणाला होतात, 'राक्षसांचे दात रंगवून कुणाचं पोट भरतं?' मग मला धुकंच बरं वाटलं. फिटंफाट.

आता बातमी. इथल्या मुलांच्या वाचनालयाला माझा ड्रॅगन हवा आहे. चित्र नाही, खराखुरा! दाराशी त्याचं मोठं डोकं बसवणार, माझ्यापेक्षा उंच. मुलांनी वाचलेली पुस्तकं परत करायची ती त्याच्या तोंडात. पुस्तक ठेवलं की तोंड मिटणार, पुस्तक आत पेटीत. मी इतकी नाचले आहे की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. आत्याला सांगा. तुम्हालाही सांगितलं असं समजा.

तुमची,
धुक्यातली


१४ मार्च

अप्पा,

तोंड मिटत नाही.

हसू नका. मला माहीत आहे तुम्ही हसताय.

डोकं तयार झालं आहे, कातडी झाली, डोळे तर असे झालेत की रात्रीचा वॉचमन त्याच्याकडे पाठ करून बसतो. आमचा वेल्डर, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, त्यानं बिजागऱ्या अशा केल्या आहेत की एका बोटानं जबडा हलतो. मग आम्ही लाकडाचे दात बसवले, माझ्या टेबलावरच्या त्या दोन जबड्यांवरून मोठे करून. आणि मिटायला गेलो तर खाड्! वरचा सुळा खालच्या दाढेवर. पुढे हाताएवढी फट आणि मागे अडकलेलं. मास्तरनं दात तासले. मग दुसरीकडे अडकलं. तिथे तासले, तर जबडा वाकडा झाला. आता तो ड्रॅगन अर्धांगवायू झाल्यासारखा दिसतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे.

ग्रंथपालबाई चांगल्या आहेत, पण उद्घाटनाची तारीख छापून गेली आहे. काल मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जमत नसेल तर तोंड उघडंच वेल्ड करून टाकू या. मुलं फोटो काढतील. पुस्तकांसाठी साधी पेटी ठेवू." साधी पेटी, अप्पा! माझा ड्रॅगन जन्मभर दाराशी आ वासून उभा राहणार, आणि बाजूला साधी पेटी! मी हसून 'बघू' म्हटलं आणि घरी येऊन उशीला गुद्दे मारले.

हेडमास्तरांचा खालचा जबडा पाठवा. कापसात गुंडाळून, पार्सलनं. लगेच.


२३ मार्च

अप्पा,

'प्लास्टर पार्सलमध्ये फुटतं. पाठवणार नाही.'

मग घेऊन या ना! हात आहेत, पाय आहेत, गाडी सुटते रोज. बोलणार नाही म्हटलंय म्हणून अडलंय का? नका बोलू. मी काही तुम्हाला बोलायला बोलावत नाही, चावा जुळवायला बोलावते आहे. खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवा आणि एक पेन्सिल. मी माझ्या घरात तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही, हवं तर लिहून देते. हे घ्या, दिलं.

उगाच हट्टाला पेटू नका. या अप्पा. ड्रॅगनसाठी या. बाकी कुणासाठी नको.


६ एप्रिल, माझ्याच टेबलावरून

अप्पा,

तुम्ही समोर बसला आहात, चष्मा कपाळावर, आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. मास्तर वेल्डर मघाशी येऊन गेला. तुम्ही मला चिठ्ठी सरकवताय, मी तुम्हाला, आणि मध्ये दोन जबडे. तो दारातूनच परत गेला. आता ही बातमी वर्कशॉपभर झाली असेल.

पहिली चिठ्ठी मिळाली: 'चहात साखर कमी.' वाढवली.

दुसरी मिळाली: 'टेबलावर उजेड डावीकडून हवा.' दिवा हलवला. खरंच बरं दिसतंय. मेहेरबानी.

तुम्ही हेडमास्तरांचे दोन्ही जबडे एकमेकांवर ठेवलेत तेव्हा 'टक्' असा आवाज झाला, तो मी ऐकला. सहा वर्षांनी भेटले बिचारे. मी तोंड फिरवलं कारण डोळ्यात काहीतरी गेलं होतं. प्लास्टरची धूळ असेल.

पण आता तुम्ही मान का हलवताय? जुळतंय ना? मग?

आणि तो रुमाल. आल्यापासून खिशातून काढताय, परत ठेवताय. आत काय बांधलंय ते मी विचारणार नाही. मलाही हट्ट आहे.


२१ एप्रिल

आत्या,

हे पत्र तुला. अप्पा पोचले असतील आणि "कसं झालं?" म्हटल्यावर "झालं" एवढंच म्हणाले असतील. म्हणून सगळं मीच सांगते. मोठ्यानं वाच. ते मशीन सुरू करतील, पण बघ, आज हळूच चालवतील.

त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर हेडमास्तरांची जोडी झकास जुळली. मी म्हटलं, सुटलो. तर अप्पांनी चिठ्ठी सरकवली: 'हेडमास्तर नकोत. मिटलेल्या तोंडानं ते जास्त रागावलेले दिसतात. मुलं पुस्तकं परत आणणार नाहीत.'

मी बघितलं तर खरंच. तोंड उघडं होतं तोवर ड्रॅगन होता. मिटल्यावर थेट शाळेचा व्हरांडा, आणि आपल्याला उशीर झालेला.

मग त्यांनी रुमाल सोडला. आत एक जोडी होती, एवढीशी, दोऱ्यानं बांधलेली. दुधाचे दात. वर पुढे मोठी खिंड, दोन दात पडलेले, शेजारचा एक तिरका. मी हातात घेऊन उलटी केली. बुडाशी टोच्यानं कोरलं होतं: 'राक्षसीण'.

आत्या, मला आठवलं गं! मी सात वर्षांची असेन. सगळ्यांच्या तोंडाचे ठसे घेता, माझाच का नाही म्हणून मी जमिनीवर लोळण घेतली होती. तू म्हणाली होतीस, "घे रे एकदाचा, नाहीतर ही पोर घर डोक्यावर घेईल." अप्पांनी मला खुर्चीत बसवलं, उशी खाली घालून, तो गुलाबी लगदा तोंडात भरला आणि म्हणाले, "हलायचं नाही, राक्षसीण." मी हलले नव्हते. तो जबडा कधीच फुटला असेल असं मी धरून चालले होते. आणि हा माणूस, जो माझ्याशी बोलणार नव्हता, तो ती जोडी इतकी वर्षं रुमालात सांभाळून बसला होता. मी राक्षस कुठून आणले म्हणून लोक विचारतात! मला राक्षसीण कुणी केलं ते आधी विचारा.

मी रडले. सरळ रडले, धूळबिळ काही नाही. अप्पांनी चिठ्ठी लिहिली: 'लाकडावर पाणी पडतंय.'

पुढचा आठवडा काय सांगू! त्या एवढ्याशा जोडीवरून ड्रॅगनचे नवे दात केले. अप्पा मास्तर वेल्डरच्या शिडीवर चढले. तुला आठवतं ना, कवळी बसवली की ते निळा कागद चावायला द्यायचे, कुठे लागतंय ते कळायला? त्यांनी ड्रॅगनला कार्बन पेपर चावायला दिले. तावच्या ताव! मास्तर दोन्ही हातांनी जबडा मिटायचा, अप्पा निळे डाग बघायचे, कानशीनं घासायचे, परत कागद. मास्तरशी मात्र अखंड बडबड. "अहो, तासू नका हो भसाभस, दात आहे तो, खुंटी नव्हे!" मास्तरला काय आनंद! म्हणतो, ताई, तुमचे वडील किती गप्पिष्ट आहेत. मी पलीकडे उभी, मला एक शब्द नाही. राग यायचा आणि हसूही यायचं.

आणि शेवटी मिटलं. आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं मिटलं. ग्रंथपालबाई टाळ्या वाजवत धावत आल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "पण याचे पुढचे दात कुठे आहेत?"

मी म्हटलं, पडलेत. दुधाचे होते. नवे यायचेत.

मग त्यांनी हातातलं पुस्तक त्या खिंडीत धरलं आणि ढकललं. आरामात आत गेलं. "अगंबाई," म्हणाल्या, "म्हणजे आम्ही कुलूप लावून गेलो, याचं तोंड मिटलेलं असलं, तरी पुस्तक टाकता येईल!" अप्पांनी असा चेहरा केला जसं काही हे त्यांनी आधीच योजलं होतं. योजलं नव्हतं. मी ओळखते त्यांना.

दाराशी पाटी लावायची होती, ड्रॅगनची प्रेरणा काय म्हणून. मी धुकं खोडलं. आता पाटीवर शिवणक्लासच्या बाई आहेत, सुतार आहे, पोस्टमनच्या सासूबाई आहेत, निळा दिवा आहे, गुलाबी मेण आहे. शेवटी लिहिलं आहे: 'आणि माझे वडील, ज्यांनी मला आधी दात बघायला शिकवलं.' अप्पांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. चिठ्ठी आली: 'सासूबाईंना कळलं तर?' कळू दे!

आता उद्घाटनाचं सांगते, कारण तेच सांगायला बसले आहे.

मुलांची ही झुंबड. पहिलीच एक चिमुरडी ड्रॅगनसमोर उभी राहिली, बघितलं, आणि किंचाळली, "याचेपण पडलेत!" आणि स्वतःचं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. मग काय, प्रत्येकाला आपली खिंड दाखवायची होती. अप्पा तिथेच स्टुलावर बसले होते, कोटाच्या खिशात त्यांचा तो छोटा आरसा, घरी विसरतील तर शपथ. एका मुलानं विचारलं, "आजोबा, माझा कधी येणार?" अप्पांनी आरसा काढला. "आ कर," म्हणाले. बघितलं. "हा काय, डोकावतोय. आंबट तोंड करू नकोस, सरळ येईल." झालं! ड्रॅगनपेक्षा मोठी रांग अप्पांपुढे लागली. आ कर. आ कर. आ कर. कुणाचा उद्या पडणार, कुणाचा वाकडा येणार, कोण रात्री अंगठा चोखतो, सगळं जाहीर. आया हसून लोळायच्या बाकी.

मी पण रांगेत उभी राहिले.

का, ते विचारू नकोस. पाय आपोआप तिकडे वळले. माझ्यापुढे एक मुलगा होता, मागे एक मुलगी, दोघंही माझ्या कंबरेएवढे. मुलगी म्हणाली, "काकू, तुमचेपण पडलेत?" मी म्हटलं, बघू या.

नंबर आला. अप्पांनी मान वर केली नाही, आरसा कोटाला पुसत होते. मग केली. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ड्रॅगनकडे बघितलं. मला वाटलं आता चिठ्ठी काढतील. खिशाकडे हात गेलासुद्धा.

"आ कर," म्हणाले.

आत्या, मी आ केलं. आरसा आत गेला, आणि सुरू! "ही खालची डावी दाढ किडली आहे. कधीपासून? दुखत नाही? दुखत असणारच, तू काय सांगणार! एवढी मोठी झालीस, राक्षस काढतेस, दात घासता येत नाहीत? आणि ही इकडे घासली गेली आहे, म्हणजे झोपेत दात खातेस. कशाचा एवढा त्रास करून घेतेस, राक्षसीण? एकटी राहतेस, जेवतेस काय, कुणास ठाऊक. आणि फोन करतेस तो नेमका मशीन चालू असताना! दुपारी करावा ना, जेवण झाल्यावर. मी काय उचलला नसता?" बोलताहेत, बोलताहेत, थांबायचं नावच नाही. पापण्यांना लटकलेलं पाणी माझं होतं का त्यांचं, मला नीट दिसेना.

मला केवढं तरी बोलायचं होतं गं. पण आरसा तोंडात होता, आणि त्यांनी अजून मिट म्हटलं नव्हतं.